हाजी जुम्ब्रींचे सोळा स्पीकर

माझी थोरली बहीण रुसमिना नवऱ्याचं घर सोडून माझ्याकडे राहायला आली, ती काही दुसऱ्या बाईपायी नव्हे, पाखरांपायी. आणि तीही न आलेल्या पाखरांपायी.

घर सोडलं म्हणजे फार लांब गेली असंही नाही. तिच्या आणि माझ्या घरामध्ये फळ्यांची एक वाट आहे, समोरून सायकल आली तर माणसाने पोट आत घ्यावं एवढीच. एका सकाळी मी दुकानासाठी पिवळा भात केळीच्या पानात बांधत बसले होते, तर ही उशी बगलेत मारून आली आणि तांदळाच्या पिंपावर ती आपटली.

"लेना, आजपासून मी इथं."

"भावजींना सांगून आलीस?"

"सांगितलं. ऐकू गेलं असेल तर येतील."

ऐकू गेलं असण्याची शक्यता कमीच होती. माझे भावजी हाजी जुम्ब्री यांनी जन्मभर नदीवरच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. इंजिनाच्या धडधडाटात बोलायची सवय. जेवताना मीठ मागितलं तरी मेंताया नदीच्या पलीकडच्या काठावर कुणीतरी "काय रे?" म्हणून बाहेर यायचा. मक्केहून आल्यावर डोक्यावर पांढरी टोपी आली, चालण्यात सावकाशी आली, बसण्यात भारदस्तपणा आला; आवाज मात्र तोच राहिला.

आणि आता त्या आवाजाला मनोऱ्याची जोड मिळाली होती.

आमच्या गावात ज्याच्या हाती थोडे पैसे येतात तो घरावर घर चढवतो. करडं काँक्रीट, खिडक्या नाहीत, वरच्या अंगाला एक चौकोनी भोक. ते माणसांसाठी नसतं, पाकोळ्यांसाठी असतं. पाकोळी आपल्या थुंकीचं घरटं बांधते, आणि ती थुंकी परदेशातले धनाढ्य लोक सुपात घालून पितात. आपल्याला काय, पिणाऱ्याने प्यावी. पण पाकोळी अशी बोलावल्याशिवाय येत नाही. तिला वाटलं पाहिजे की इथं आपले भाऊबंद नांदताहेत. म्हणून गावातल्या प्रत्येक मनोऱ्यावर पहाट फुटल्यापासून अंधार पडेपर्यंत पाकोळ्यांच्या आवाजाची टेप लागलेली असते. परका माणूस आला तर त्याला वाटतं, केवढी पाखरं! आम्हाला माहीत असतं, केवढे स्पीकर.

समोरच्या चिनी शेजाऱ्याच्या, को आलियोंगच्या, मनोऱ्यात पाखरं मावत नव्हती. संध्याकाळी धूर परत आत शिरावा तशी ती त्या भोकात शिरायची. भावजी ओट्यावर बसून ते बघायचे आणि चहा गार करायचे.

"त्याच्यात आहे काय असं?" ते ओरडायचे. म्हणजे बोलायचे.

"त्याचा मनोरा जुना आहे," ताई म्हणायची. "थांबा थोडं."

"थांबणं चिन्यांना जमतं. माझं वय झालं."

मग त्यांनी शहरातून अँप्लिफायर आणला आणि खोकंभर स्पीकर, हातात मावतील असे छोटे गोल. इंजिनं नुसत्या कानाने दुरुस्त करणाऱ्या माणसाला वाटतं, तारा म्हणजे काय, लाल लालला आणि काळी काळीला. अँप्लिफायरच्या मागे, जिथे तारा लावायच्या तिथे, '४ ते १६' असं लिहिलेलं होतं आणि पुढे ते घोड्याच्या नालेसारखं चिन्ह. भावजींनी मला बोलावून दाखवलं.

"हे बघ लेना. चार ते सोळा स्पीकर चालतात. लिहूनच दिलंय कंपनीने."

"आणि ही नाल कसली?"

"नाल नाही, स्पीकरचं चित्र आहे ते. गोल तोंड आणि खाली दोन पाय."

मला ते पटलं, हे मी कबूल करते. कुणालाही पटलं असतं. त्यांनी सोळाच्या सोळा स्पीकर मनोऱ्याच्या आत खांबाखांबांवर ठोकले, सगळ्यांच्या लाल तारा एका मुठीत धरल्या, काळ्या दुसऱ्या मुठीत, आणि दोन्ही जुड्या अँप्लिफायरच्या पाठीत खुपसल्या. छपरावर बोलावण्याचा मोठा कर्णा होता, तो निराळा, त्याच्या स्वतःच्या छोट्या पेटीवर.

आतला आवाज सुरू झाला. पाकोळ्या नव्हत्या, कुणीतरी कढईत ओले मासे सोडल्यासारखं वाटत होतं. दुपारपर्यंत अँप्लिफायर इतका तापला की ताईने त्यावर भाताचं पातेलं ठेवायचं का म्हणून विचारलं. तिसऱ्या प्रहरी फ्यूज गेला. भावजींनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूजच्या जागी बसवली. इंजिनवाल्यांची ही जुनी खोड, जे तुटतं ते मजबूत करायचं. संध्याकाळी फ्यूज शाबूत होता, अँप्लिफायरच नव्हता.

दुसरा आणला. या वेळी त्यांचं म्हणणं पडलं की पहिल्याला काम कमी पडत होतं, म्हणून तो बिघडला. म्हणून स्पीकर वाढवले आणि आवाजाचं बटण शेवटाला नेऊन ठेवलं. ताईची झोपायची खोली बरोबर मनोऱ्याच्या खाली. ती आतल्या फरफराटाने उठायची, फरफराटाने जेवायची. एकदा तिने जेवताना काहीतरी सांगितलं, भावजी "हो हो" म्हणाले, आणि मग कळलं की ती तिच्या छातीत दुखतं म्हणून सांगत होती. दुखणं पित्ताचं निघालं. पण त्याच आठवड्यात ती उशी घेऊन माझ्याकडे आली.

बायको गेली आणि पाखरू येईना, तेव्हा भावजींना खात्री पटली की कुणीतरी करणी केली आहे. कुणी, ते को आलियोंगच्या मनोऱ्याकडे बघून सांगायचे. त्यांनी नदीच्या वरच्या अंगाच्या मांत्रिक काई सालमूनना बोलावलं. काई म्हणजे आजोबा. सगळं गाव त्यांना काईच म्हणतं. दाढीचे मोजून घेता येतील एवढे केस, पण मंत्र दणदणीत. काईंनी मनोऱ्याभोवती फेरी घातली, तांदूळ उधळले, अँप्लिफायरसमोर बराच वेळ डोळे मिटून बसले.

"याच्या पोटात आग आहे," ते म्हणाले.

"हेच!" भावजी म्हणाले. "हेच मी म्हणतो."

"झाकलं पाहिजे."

मग त्यांनी मंतरलेलं पिवळं कापड काढलं आणि अँप्लिफायरला अंगभर गुंडाळून गाठ मारली, लहान मुलाला थंडीत गुंडाळावं तसं. त्याच्या पाठीवर गरमी बाहेर पडायला ज्या चिरा होत्या त्या सगळ्या झाकल्या गेल्या. काई जेवून, वाटेची कोंबडी घेऊन घरी गेले. ते घाटावर पोचले असतील नसतील तोच मनोऱ्याच्या भोकातून पाकोळीऐवजी धूर बाहेर आला. को आलियोंग रस्ता ओलांडून पाण्याची बादली घेऊन धावला, आणि ज्याच्यावर करणीचा संशय त्यानेच आग विझवली.

"हाजी," तो कापडाचा जळका तुकडा उचलून म्हणाला, "याला सर्दी झाली होती का?"

 भावजींना मी गप्प बसलेलं प्रथमच पाहत होते, आणि मला वाईट वाटलं. फार नाही, पण वाटलं.

तेव्हा ताई माझ्या ओट्यावरून म्हणाली, "आचिल नोर्लियानला बोलवा."

भावजींनी अशी मान फिरवली जणू कुणी त्यांना डुकराचं मांस वाढलं होतं.

"त्या बाईला? माझ्या घरात?"

"घरात नको. मनोऱ्यात."

आचिल म्हणजे मावशी-काकू. नोर्लियानला गाव तेच म्हणायचं, पण तरुणपणी ती लियान बिंतांग होती. दांगदुतची, म्हणजे लोकांना नाचवणाऱ्या ढोलकीच्या गाण्यांची, गायिका. खालच्या-वरच्या अंगाच्या दहा गावांत तिच्याशिवाय लग्न लागायचं नाही. तीन नवरे झाले; पहिला पळाला, दुसरा वारला, तिसऱ्याने वाजंत्रीचं सामान मागे ठेवलं. आता वयाने जाड झालेली, केस मेंदीने लाल, ओठ त्याहून लाल, लग्नाकार्यात स्पीकर भाड्याने द्यायची. सामान उचलायला दोन माणसं होती, तारा मात्र दुसऱ्या कुणाला जोडू द्यायची नाही. लग्नात बिघाड झाला की नवरीच्या आधी हिला घाम फुटायचा आणि हिच्या तोंडून जे शब्द फुटायचे ते वऱ्हाडी घरी जाऊन एकमेकांना सांगायचे.

भावजींना तिचं काय वावडं होतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ताईला होतं.

त्यांनी दोन दिवस नकार दिला. तिसऱ्या दिवशी को आलियोंगच्या मनोऱ्यावरची पाखरं भावजींच्या छपरावर घिरट्या घालून, विष्ठा टाकून परत गेली. तो अपमान त्यांना सोसला नाही.

आचिल आली ती होडीतून उतरतानाच हाका मारत. "कुठंय तो बेडक्या? ए बेडक्या जुमी!"

घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांनी माना वर केल्या. भावजी टोपी सारखी करत पुढे झाले. "मी हाजी जुम्ब्री," ते म्हणाले, अगदी हळू, म्हणजे बाजारातल्या माणसाला ऐकू जाईल इतक्याच आवाजात.

"हो रे बाबा, हाजी," ती म्हणाली. "देवाने माफ केलं असेल, मी कुठे नाही म्हणते? पण मला तू अजून ढोलकीवर उड्या मारतानाच दिसतोस. काय हे, पोट केवढं वाढवलंस!"

माझ्या हातातलं पान खाली पडलं. भावजी आणि ढोलकी! मी ताईकडे पाहिलं. ताई शेंगा सोलत होती, अगदी मन लावून.

आचिल शिडीने मनोऱ्यात चढली, आणि तिच्या मागे मी, कारण मला आता राहवेना. आत कुबट अंधार, ओल्या भिंती, आणि खांबाखांबांवर स्पीकर. तिने दिवा फिरवून तारांच्या जुड्या पाहिल्या आणि एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही. तिच्यात भावजींचे पूर्वज होते.

"सगळे एकत्र बांधलेस?"

खालून भावजी ओरडले, "लिहिलंय त्याच्यावर! चार ते सोळा!"

"अरे गाढवा, ते स्पीकर नव्हेत, ओहम आहेत!"

"काय आहेत?"

"अडवणूक! स्पीकर विजेला किती अडवतो त्याचं माप. तुझा एकेक स्पीकर आठचा आहे, पाठीवर लिहिलंय बघ. या मशिनला चार ते सोळाच्या मधली अडवणूक लागते. त्याच्या खाली गेलास की ते मरतं."

"मी तर सोळा आठ लावले. म्हणजे जास्तच झाली की अडवणूक!"

आचिलने माझ्याकडे पाहिलं. "तू दुकान चालवतेस ना? मला सांग, तू एकटी वाढायला बसलीस आणि खिडकीत एकच गिऱ्हाईक उभं आहे. तर?"

"तर वाढते."

"सोळा जणांनी एकदम सोळा खिडक्यांतून ताटं पुढे केली, आणि प्रत्येकाला आत्ताच हवंय. तर?"

"तर मी पळून जाते."

"मशिनला पळता येत नाही. म्हणून ते जळतं." ती शिडीकडे तोंड करून ओरडली, "बेडक्या, शेजारी शेजारी बांधले की वाटा वाढतात आणि अडवणूक कमी होते! सोळा मिळून अर्धा ओहम! दोन्ही तारा एकमेकींना बांधून दिल्या असत्यास तरी हेच झालं असतं!"

खालून भावजी म्हणाले, "मग आता?"

"आता रांग लावायची. एकामागे एक. पहिल्यातून जे निघेल तेच दुसऱ्याला. दोघांची अडवणूक मिळून सोळा. अशा दोन रांगा शेजारी ठेवल्या की परत आठ. म्हणजे चार स्पीकर, आणि मशिनला वाटतं एकच आहे."

"आणि बाकीचे बारा?"

"त्यांचेही असेच चार-चारचे घोळके. मग चार घोळक्यांना चार स्पीकर समजायचं आणि पुन्हा तेच करायचं. सोळा बसतील, आणि मशिनला तरी एकच दिसेल. वरून जे वाढवलेस ते मात्र काढ, नाहीतर तुझ्या गळ्यात बांधते."

सांगायला सोपं. करायला सबंध सकाळ गेली. आणि आचिलचंही पहिल्या झटक्यात जमलं नाही. एका घोळक्यात तिने दोन तारा चुकीच्या जागी जोडल्या, मापाच्या यंत्राने काहीतरी भलतंच दाखवलं, तिने यंत्राला शिव्या दिल्या, मग मला, मग स्वतःच्या तिसऱ्या नवऱ्याला. शेवटी माप सातच्या जवळ येऊन थांबलं. "लिहिलेलं आठ आणि यंत्रावर सहा-सात, हे असंच असतं," ती म्हणाली. "वयासारखं."

तिने स्वतःचा अँप्लिफायर तात्पुरता लावला. छपरावरच्या कर्ण्याची छोटी पेटीही धुराने बसली होती, म्हणून कर्णाही याच अँप्लिफायरच्या दुसऱ्या तोंडाला जोडला. त्याला दोन तोंडं होती, प्रत्येकाचं बटण निराळं.

"आता लाव पाखरं," भावजी खालून म्हणाले.

"पाखरांवरून काय कळणार? चिवचिवाटात आवाज कुठे फाटला आणि पाखरू कुठे ओरडलं हे कुणाला सांगता येतं? माणसाचा आवाज लावून बघावा लागतो."

तिने पदराच्या गाठीतून एक पेनड्राइव्ह काढला आणि अँप्लिफायरच्या तोंडात बसवला.

आधी बासरी वाजली. मग ढोलकी. अशी स्वच्छ की मला वाटलं कुणी मनोऱ्यात बसूनच वाजवतंय. मग लियान बिंतांग गायला लागली, कोवळ्या, गोड आणि जरा निर्लज्ज आवाजात, आणि तिच्या ओळी संपतात तिथे एक पुरुष गळा फाडून ओरडला, "हाय गं मैना! हलव, हलव! नवरा बघत नाही!"

तो आवाज सगळ्या गावाला पाठ होता. त्या आवाजात मीठ मागितलं जायचं.

छपरावरचा कर्णा चालू होता. आवाज नदीवर गेला आणि पलीकडून परत आला. दुकानातली गिऱ्हाइकं ताटं घेऊन रस्त्यात आली. को आलियोंग गच्चीवर आला. घाटावरच्या बायकांनी धुणं सोडलं. भावजी शिडी चढायला लागले, पण घाईत आडवे घुसले, पोट आणि शिडीच्या भोकाचं माप जुळेना, ते अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले आणि तिथूनच ओरडले, "बंद कर! बंद कर, लियान!" आणि टेपमधला तरुण जुमी बरोबर त्याच वेळी ओरडला, "थांबू नको गं!"

को आलियोंग गच्चीच्या कठड्यावर वाकून इतका हसला की मला वाटलं पडतो आता.

आचिलने गाणं पूर्ण ऐकलं. डोळे मिटून. संपल्यावर म्हणाली, "फाटला नाही कुठे. जमलं."

भावजी खाली उतरले, घरात गेले आणि दार लावून घेतलं. दुपारचं जेवण मी नेलं तर दार उघडलं नाही. मला त्यांच्याबद्दल आता खरंच वाईट वाटायला लागलं. एवढी वर्षं माणूस स्वतःवर एकेक थर चढवत जातो, टोपी, चाल, गंभीर चेहरा, आणि एका बाईच्या पदरातून निघालेलं बोटभर यंत्र ते सगळं उतरवून ठेवतं.

"तुला माहीत होतं?" मी ताईला विचारलं.

"मी त्यांना ढोलकी वाजवतानाच पाहिलं होतं पहिल्यांदा," ताई म्हणाली. "उड्या मारताना. म्हणून तर होकार दिला." मग म्हणाली, "हाजी मी पसंत केलाच नव्हता."

दुपारच्या नमाजानंतर इमाम आले. सरळ भावजींच्या दाराशी. आम्ही दोघी खिडकीत. भावजींनी दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा असा होता जसा कुणी शिक्षा ऐकायला उभा आहे.

"हाजी," इमाम म्हणाले, "सकाळचा तो आवाज..."

"चूक झाली. त्या बाईने माझ्या परवानगीशिवाय..."

"फार स्वच्छ होता. शब्द नि शब्द कळला." इमामांनी घसा साफ केला. "म्हणजे शब्दांचं सोडा. पण आमच्या मशिदीच्या कर्ण्यांचं असं झालंय की अजान दिली तर लोकांना वाटतं बर्फवाला आला. आपण चार कर्णे लावलेत गेल्या सालापासून. सगळे एकत्रच बांधलेत बहुधा. ती बाई बघेल का?"

भावजींनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "बाई कशाला? चारच ना? दोन-दोनच्या रांगा. मी करतो." आणि खरंच गेले, आचिलचं मापाचं यंत्र मागून घेऊन. करताना एक चूक केली, आचिलला जाऊन विचारली, शिवी खाल्ली आणि सुधारली. त्या संध्याकाळची अजान गावाने नीट ऐकली. चहाच्या दुकानात कुणीतरी भावजींना "काय बेडक्या" म्हणालं, आणि भावजी चिडले नाहीत. चहा मागवला.

इथपर्यंत सगळं छान. पण पाकोळी?

पाकोळ्या यायला लागल्या. संध्याकाळी भावजींच्या मनोऱ्याभोवती घिरट्या, कर्ण्याशी ओळख, मग भोकातून आत. भावजी श्वास रोखून बसायचे. आणि मग जशा आत गेल्या तशा बाहेर. आतल्या सोळांचं बटण भावजींनी अजूनही शेवटालाच ठेवलं होतं. आवाज स्वच्छ होता, जळत काही नव्हतं, पण आत स्वच्छपणे कानठळ्या बसत होत्या.

काही दिवसांनी मी माझ्या माळ्यावर लग्नातल्या चटया काढायला गेले. नवरा कोळशाच्या बार्जवर, महिनोन्महिने घरी नाही. माळा अंधारा, ओला, पडक्या खुर्च्यांनी भरलेला, आणि नदीकडची एक फळी निघालेली. खुर्च्यांवर पांढरे ठिपके होते. वर पाहिलं तर तुळईला चिकटून नखाएवढ्या तीन चकाकत्या वाट्या. ताज्या. एक तर ओलीच होती.

को आलियोंगने येऊन पाहिलं आणि हात जोडले. "लेना, तुझ्या घरी पाहुणे आलेत. हाक तिकडची ऐकली आणि मुक्काम इकडे केला."

भावजींना कळायला किती वेळ लागतो. ते वाट ओलांडून आले, उघड्या डोक्याने, आणि माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून गरजले, "ही पाखरं माझी आहेत! माझ्या आवाजावर आली आहेत!"

ताईने मासा कापायचं थांबवून वर पाहिलं.

"मीही तुमच्या आवाजावरच आले इथं," ती म्हणाली.

भावजी उभे होते ते पिंपावर बसले.

"एवढा मोठा आहे माझा आवाज?" त्यांनी विचारलं. ओरडूनच.

 बाहेर एका होडीचं इंजिन फटफटत गेलं. मग भावजी म्हणाले, "लेनाच्या माळ्यावर चार स्पीकर लावू का? आचिलला विचारून आलोय. याच तोंडाला जोडले तर चारजण एकटेच तिकडच्या सोळांएवढं खातील, मग इथंही कानठळ्या. म्हणून निराळी छोटी पेटी ठेवायची. निराळं बटण."

"बटण माझ्या हातात," ताई म्हणाली.

"बरं."

"तिकडच्या मनोऱ्याचंही."

"रुसमिना!"

"मग नको."

"बरं, बरं."

त्याच दिवशी ती दोघं मनोऱ्यात चढली. शिडीचं भोक आता मोठं करून घेतलं होतं, त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी शिडीच्या खाली. ताईने आतलं बटण धरून फिरवलं, हळूहळू. चिवचिवाट उतरत गेला. भिंतींतून पाणी झिरपल्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"अजून कमी करू?"

"आता बंदच झालं की," भावजी म्हणाले.

"बंद नाही. चालू आहे."

"मला काही ऐकू येत नाही."

ताईने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. मला खालून तिचा चेहरा दिसत होता. तिने बटण सोडलं, त्यांच्या कानाशी गेली आणि काहीतरी बोलली. भावजी म्हणाले, "काय?" ती पुन्हा बोलली. ते पुन्हा म्हणाले, "काय?" तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. तिने तळवा त्यांच्या कानावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

इंजिनांनी कान खाल्ले होते, केव्हाचे. आम्ही सगळे त्याला स्वभाव म्हणत होतो.

ताईने त्यांना शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. परत आले ते दोन्ही कानांत यंत्रं घालून. तोवर मनोऱ्याच्या आत पहिली घरटी दिसायला लागली होती, मोजकीच, आणि माझ्या माळ्यावर त्याहून जास्त. ताई माझ्याकडेच झोपते. मनोऱ्याखाली आता पाखरांची जागा आहे, माणसाने तिथे खोकूही नये असा तिचा हुकूम आहे. म्हणून भावजीही माझ्याकडेच झोपतात. माझा नवरा बार्जवरून आला की बाहेरच्या खोलीत कुठे पाय ठेवावा हे विचारून ठेवतो.

यंत्रं घालून आल्याच्या पहिल्याच सकाळी भावजी ओट्यावर गेले आणि जागच्या जागी थबकले. गावातले सगळे मनोरे जागे झाले होते. त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले.

"लेना," ते इतक्या हळू म्हणाले की मला "काय?" म्हणावं लागलं, "हे रोज असं असतं?"

"रोज."

ते तरातरा रस्ता ओलांडून गेले आणि को आलियोंगचं दार वाजवायला लागले. आवाज कमी कर म्हणून सांगायला.